सिग्नल पडल्यावरचा विस्तव

परभणी स्टेशनच्या बाहेर, मालधक्क्याच्या तारांना लागून, आमच्या आबांची शेगडी होती. डांबराचं पिंप उभं चिरून त्याचा अर्धा भाग चार लोखंडी पायांवर बसवलेला आणि वर सळया. तिच्यामागे दोन खोल्यांचं आमचं घर, घराच्या कडेला लिंब, लिंबाखाली चार शेळ्या. ताडकळसच्या बाजूला आमचं गाव. तिथे आमची मेंढरं होती. ती कशी गेली आणि आम्ही गाव का सोडलं, ते सांगायला वेगळं प्रकरण लागेल. मेंढरं गेली तरी मेंढरं राखणाऱ्याचा स्वभाव आबांमधून गेला नव्हता. रानात लांडगा येतो, चोर येतो, आणि कधी कधी ओळखीचाच माणूस रामराम घालून कोकरू घोंगडीखाली घेऊन जातो. म्हणून आबा कोणाचाही रामराम घेताना आधी त्याच्या हातांकडे बघत. माय तर दूध घालायला निघाली की परत येऊन कडी ओढून बघायची. आमच्या घरात संशय हा कोणाला दुर्गुण वाटत नसे. दाराला कडी असते तसा तो होता.

शेगडीवर आबा कलेजी आणि मांसाचे तुकडे सळईत ओवून भाजत. तिखट, मीठ आणि मायने घरी कुटलेला काळा मसाला, एवढंच लावलेलं. सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा. गिऱ्हाईक म्हणजे संध्याकाळच्या गाडीचे उतारू. इंजिन पाणी पिईपर्यंत गाडी थांबायची, तेवढ्यात लोक तारांपलीकडून हात पुढे करायचे. सगळा धंदा त्या एका गाडीचा, आणि गाडीचा नेम नव्हता. कोळसा फुलायला अर्धा तास लागतो. आबा दिवस कासराभर वर असताना गोवरीचा तुकडा पेटवून कोळशाखाली सारत, फुंकणीने फुंकत, ताडाच्या पंख्याने वारा घालत. गाडी उशिरा आली तर फुललेल्या कोळशांची राख झालेली असे. तेच चुकवायला जरा उशिरा पेटवावं, तर गाडी त्या दिवशी वेळेवर येई आणि कच्चे तुकडे सळईवर तसेच राहून लोक निघून जात. घराच्या दारातून लांबचा सिग्नल दिसायचा. गाडी यायची झाली की त्याचा लोखंडी हात खाली पडे, आणि तो पडल्यापासून गाडी फलाटाला लागेपर्यंत माय दोन भाकरी थापून भाजायची, तेवढाच वेळ. आबा त्या हाताकडे असं बघत की तो त्यांना फसवण्यासाठीच तिथे उभा केलाय.

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि ती परत आमच्याकडेच होती, नवऱ्यासकट. दाजींना त्यांच्या भावांनी घराबाहेर काढलं होतं. आबांनी जाऊन दोघांना आणलं. घरजावई कधी टिकत नाही, एक दिवस गाडीत बसून जातो, असं आमच्या आळीत सगळे म्हणत, आणि आमचं घर तर स्टेशनाला लागूनच. अक्काच्या कडेवर तेव्हा वर्षाचं पोर होतं. गाडीची शिट्टी झाली की ती हातातलं काम टाकून दारात येई आणि नवरा शेगडीपाशी आहे ना ते बघून परत आत जाई. तिचं घर मोडेल की राहील, ही एक भीती त्या दोन खोल्यांत कायमची मुक्कामाला होती. मी शाळेत जात असे, पुस्तकं आणत असे, पण तीही त्या भीतीच्या अंगावरूनच.

दाजींचं नाव नारायण. उंच, सडपातळ, केसांना तेल चोपडून भांग पाडणारे. मला ते मास्तरीणबाई म्हणत. मी शेळ्यांना पाला टाकत असले तरी म्हणायचे, "मास्तरीणबाई, हजेरी घेतली का समद्यांची?" त्यांना बसून राहणं जमत नसे. आल्यावर आठच दिवसांत त्यांनी आबांना सांगितलं की गाडीची वाट बघत कोळसा जाळायचा कशाला, सिग्नल पडल्यावर पेटवू. आबांनी त्यांच्याकडे वर बघितलंही नाही. "कोळसा हाय त्यो," ते म्हणाले. "त्येला सिग्नल कळत न्हाई."

तिथून सुरू झालं. आधी दाजींनी बोकडाच्या कातड्याचा भाता केला. तो दाबला की राख उडून तुकड्यांवर बसायची. मग सरकी रात्रभर घासलेटात भिजवून कोळशाखाली घातली. पेटलं पटकन, पण एका उतारूने पहिला घास तोंडात घालताच थुंकला आणि सळई तारांवरून परत फेकली. आबांनी ती उचलली, हुंगली आणि दाजींच्या नाकासमोर धरली. नंतर कुठल्याशा मोटारीच्या टाकीतून काढलेलं वाटीभर पेट्रोल आलं. त्या दिवशी जाळ छपराच्या वर गेला, लिंबाची एक फांदी करपली, आणि दाजी आठवडाभर बिनभुवयांचे हिंडत होते. माय म्हणाली, चेहरा कसा धुतल्या बटाट्यासारखा दिसायलाय. त्यावरही ते थांबले नाहीत. गॅसबत्तीतले कार्बाइडचे खडे आणून त्यांनी कोळशाखाली मांडले आणि वरून पाणी शिंपडलं. सडक्या लसणासारखा वास सुटला, मग धडाका झाला, आणि फलाटावरचा हमाल डोक्यावरचं ओझं टाकून पळाला.

परवा पुण्याला नातवाच्या गच्चीवर त्याचे मित्र जमले होते. त्यांनी कोळशाची शेगडी मांडली आणि केस वाळवायच्या यंत्राने तिला वारा घातला. सगळे टाळ्या पिटत होते. नातू मला म्हणाला, आजी, मागे सरक. मी मागे सरकले, पण ज्या अंतरावर जाऊन उभी राहिले ते बघून सगळे हसले. हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या हसण्यामुळे.

मालधक्क्यापलीकडे तेव्हा एक भंगारवाला ठेकेदार आला होता. जुन्या लष्करी मोटारी आणून तो त्यांचे तुकडे पाडून विकायचा. दाजी तिथे कामाला लागले. तिथे लोखंड आगीने कापत. ती निळी ज्योत आम्ही घराच्या दारातून बघायचो. पंधरा दिवसांत दाजी बदलले. बोलणं कमी झालं. आल्यावर आधी राखेने हात घासायचे, मग सोड्याने धुवायचे, मग नखं बघायचे. डोक्याला तेल लावणं त्यांनी बंद केलं. अक्का रविवारी करडीच्या तेलाची वाटी घेऊन बसली की ते उठून जायचे. एक सदरा त्यांनी वेगळा ठेवला होता, त्याला घरात कोणी हात लावायचा नाही. चुलीपाशी जेवायचे नाहीत, बाहेर बसून जेवायचे, आणि जेवल्यावर पुन्हा राखेने हात. एवढ्या दक्षतेने तर आमच्यात कोणी देवाचंही करत नसे.

मग एका दुपारी हातगाड्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आलं. दाजींनी आणि आणखी एका माणसाने ते उतरवून लिंबाला साखळीने बांधलं. माणसाच्या छातीएवढा उंच, काळा, लोखंडाचा बाटला. वर पितळेचं तोंड, त्याला चावी, आणि तोंडाला जोडायला लांब नळी. आबांनी विचारलं, काय आहे. दाजी म्हणाले, हवा. आबा म्हणाले, हवा काय बाहेर न्हाई का. दाजी हसले नाहीत. एवढंच म्हणाले, ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. तेलाचा हात तर बिलकूल न्हाई.

त्या संध्याकाळी सिग्नलचा हात पडेपर्यंत शेगडीत काळा कोळसा तसाच होता. हात पडला. दाजींनी चुलीतला एक जिवंत निखारा चिमट्याने आणून कोळशाच्या मधोमध ठेवला आणि नळीचं तोंड त्याच्यावर टेकवून, बाटल्यापाशी जाऊन चावी फिरवली. साप फुत्कारावा तसा आवाज झाला. निखारा आधी पिवळा झाला, मग पांढरा, आणि तो पांढरेपणा एका कोळशावरून दुसऱ्यावर उडी मारत गेला. धूर नाही, वास नाही, जाळ नाही. मायची पहिली भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा शेगडीकडे बघवत नव्हतं. गाडी आली, लोकांनी खाल्लं, आणखी मागितलं.

आबांनी एक तुकडा तोंडात धरून बराच वेळ चावला. त्यांना दोष काढायचा होता आणि सापडत नव्हता, यानेच त्यांचा संशय वाढला. "वास न्हाई, धूर न्हाई," ते मायला म्हणाले. "मंग पेटायलंय कशानं?" मायचं उत्तर तयार होतं. तेल सोडलं, राखेने हात धुतो, काळं भांडं झाडाला बांधतो, कुणी तरी करणी करायला शिकवलं असणार. तिने बाटल्याच्या बुडाशी लिंबू ठेवलं. दाजींनी ते उचलून शेळीला दिलं. अक्काचा संशय वेगळाच होता. तो तिने कोणाला सांगितला नाही, पण मी तिला दाजींचा सदरा हुंगताना बघितलं. बायकोच्या हातचं तेल नको म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्या कोणाच्या तरी हातचं चालत असेल, असं ती धरून बसली होती. आणि मी शिकलेली, म्हणून माझा संशय शिकलेल्या माणसाचा. बाटल्यावर खडूने इंग्रजी अक्षरं आणि आकडे लिहिलेले होते. ते वाचून मी ठरवलं की हा माल कोणाचा तरी आहे आणि दाजींनी तो चोरलाय. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरोघर दडवलेलं लोखंड आणि दारूगोळा शोधून झाला होता, पण गोणपाटाखाली काही झाकलेलं दिसलं की लोक आवाज खाली करत. हवालदार येईल, दाजींना नेतील, किंवा त्याआधीच दाजी गाडीत बसून जातील. कसंही झालं तरी अक्काचं घर जाणार, असा हिशोब मी भूमितीच्या वहीवर डोकं ठेवून करत असे.

बाटला रिकामा झाला की हातगाड्यावर परत जायचा आणि दुसरा यायचा. ते सगळे बहुधा कामावर वापरून तळाला आलेले असत. महिनाभर हे चाललं. शेवटी एका सकाळी अक्काने तोंड उघडलं. रविवार होता, तेलाची वाटी तिच्या हातात होती आणि दाजी नेहमीसारखे उठून चालले होते. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "जा, तुमच्या त्या काळ्या सवतीपाशी जा. एक दिवस मीच तिला आग लावते, बघा तुमी."

दाजी वळून म्हणाले, "लावून बघ. तू बी ऱ्हाणार न्हाईस अन् मी बी."

त्यानंतर दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवा बाटला आला. हा भरलेला असावा, जड होता, उतरवताना तीन माणसं लागली. माझी मॅट्रिकची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि शाळेला सुट्टी होती. दुपारी आबा बाजारात, माय दूध घालायला, अक्का पोराला घेऊन आत निजलेली. मी लिंबाखाली पुस्तक घेऊन बसले होते आणि पुस्तकापेक्षा गोणपाटाकडेच जास्त बघत होते. शेवटी उठले आणि ते वर केलं.

काय सापडेल असं मला वाटलं होतं, ते आता सांगता येत नाही. लपवलेलं काहीतरी, एखादी चिठ्ठी, एखादी खूण. तिथे लोखंड होतं, थोडा गंज होता, खडूचे आकडे होते आणि पितळेचं तोंड. मी चावी हलवून बघितली, ती हलेना. दोनदा मी दाजींची बोटं तिच्यावर सोलवटलेली बघितली होती. नळीचे आटे बसवताना कर्र असा आवाज व्हायचा आणि ते दात खायचे. एकाएकी मला स्वतःची लाज वाटली. हा माणूस आमच्याच शेगडीसाठी बोटं सोलून घेतोय, आणि आम्ही चौघं चार बाजूंनी त्याच्यावर डोळे ठेवून बसलोय.

आमच्या घरात जे कडक होतं, जे कर्र वाजतं, त्याला चरबी लावायची, एवढं मला चालायला लागल्यापासून माहीत होतं. वहाणांना, पाण्याच्या कातडी पिशवीला, दाराच्या बिजागरीला, उन्हाळ्यात भेगाळलेल्या टाचांना मेंढीची चरबी. चरबीची डबी चुलीमागच्या फळीवर अक्काच्या ताब्यात असे. दाजींनी तेलाचा हात लावू नका म्हटलं होतं, ते मला आठवत होतं. पण त्यातलं हात लावू नका एवढंच मी ऐकलं होतं. घरजावयाला स्वतःची म्हणावी अशी एवढी एकच वस्तू मिळाली होती, त्यामुळे तो तसं बोलणारच, असं आम्ही सगळे समजत होतो. शिवाय हे तेल नव्हतं, चरबी होती. मी डबीतून बोटभर चरबी घेतली, पितळेच्या आट्यांत फिरवली, नळीच्या तोंडात आतून फिरवली, थोडी चावीच्या बुडाशी दाबली. फडक्याने बाहेरचं पुसून घेतलं. गोणपाट होतं तसं टाकलं आणि पुस्तक उघडलं. त्या दुपारी मी मनापासून अभ्यास केला. किती दिवसांनी घरात कोणासाठी तरी चांगलं काहीतरी केलं, असं मला वाटत होतं.

संध्याकाळी सिग्नलचा हात पडला. दाजींनी निखारा ठेवला. नळी जोडताना आवाज झाला नाही. ते क्षणभर थांबले आणि त्यांनी आट्यांकडे बघितलं, हे मला स्पष्ट आठवतं. मी दारात उभी राहून मनात हसत होते. लांबून इंजिनाची शिट्टी आली, आबा म्हणाले, आटप, आणि दाजींनी चावी फिरवली.

आवाज मोठा नव्हता. जाड कापड फाटावं तसा. बाटल्याच्या तोंडातून एक पांढरी जीभ निघाली आणि दाजींचा उजवा हात तिच्यात होता. नळी सुटून सापासारखी शेगडीत शिरली आणि शेगडी खालून वर उजळली. मग पिंपाचं लोखंडच ठिणग्या होऊन गळायला लागलं. आबा पाण्याची घागर घेऊन धावले. दाजी जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाले, "पाणी नगा, लांब व्हा." त्यांनी डाव्या हाताने चावी धरली आणि उलटी फिरवली. मग ते आडवे झाले. गाडी आली, लोकांनी हात पुढे केले, आणि कोणीतरी म्हणालं, आज दुकान बंद आहे वाटतं.

दवाखान्यातून ते बाराव्या दिवशी घरी आले. उजव्या हाताची दोन बोटं परत कधी मिटली नाहीत आणि उजव्या कानावरचे केस परत आले नाहीत. हवालदार आलाच. भंगाराच्या कामावरचे मिस्त्री त्याच्यासमोर म्हणाले की बाटला मी दिला होता. ते खरं होतं की दाजींना वाचवायला बोलले, ते मला आजही माहीत नाही. मिस्त्रींनी बाटल्याचं तोंड जवळून बघितलं, नाक लावून हुंगलं आणि दाजींपाशी खाटेवर बसून हळू काहीतरी बोलले. दाजींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे अक्का दूध तापवत होती. मग बाटला गेला, ठेकेदार गेला, आणि आबांनी नवं पिंप चिरून आणलं. आधीच्या शेगडीला तळात भोक पडलं होतं, कोणी घास घ्यावा तसं, कडा वितळून गोल झालेल्या. मायने ती परसात उलटी टाकली. पुढे कोंबड्या तिच्यात अंडी घालत.

दाजी पुन्हा आबांसारखा सावकाश विस्तव पेटवू लागले, डाव्या हाताने. मला मास्तरीणबाई म्हणायचे, पोराशी खेळायचे. पण बाटला गेला तरी तेल परत आलं नाही. अक्का वाटी घेऊन बसायची, ते म्हणायचे नगं, आणि ती वाटी झाकून ठेवायची. आधी चिडायची, नंतर चिडणंही सोडलं. तिला वाटलं आपल्या बोलण्याचीच दृष्ट लागली. माझी परीक्षा झाली, मी पास झाले. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या, बाहेरच्या बाजेवर बसल्या आणि आबांना म्हणाल्या की हिला नांदेडला कॉलेजात घाला, राहायची सोय मी बघते. आबा त्यांच्या हातांकडे बघत राहिले. त्या हातांत काहीच नव्हतं. आमच्या सगळ्या भाऊबंदांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ती पायरी त्या बाईंनी माझ्या पायाखाली आणून ठेवली. त्यांचं ऋण मी वेगळ्या प्रकरणात लिहिलं आहे.

कॉलेजात दुसऱ्या वर्षी रसायनाचे सर प्राणवायू शिकवत होते. वर्गात आम्ही तीन मुली, पहिल्या बाकावर. सर इंग्रजीत सांगत आणि आमच्यासारख्यांसाठी मधेच मराठीत येत. ते म्हणाले, हा स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतो. मग सहज, पुस्तकात नसलेलं, कारखान्यात बघितलेलं त्यांनी सांगितलं. या वायूच्या बाटल्याच्या तोंडाला कामगार तेलकट बोटसुद्धा लावत नाहीत, डोक्याला तेल लावत नाहीत, कपडे वेगळे ठेवतात. दाबाखालचा वायू आणि चरबी एकत्र आली की काडी लागत नाही.

मी वहीत "तेल, चरबी" एवढं लिहिलं आणि टाक तिथेच राहिला. राखेने घासलेले हात, वेगळा सदरा, बाहेर बसून जेवणं, सगळं एकेक करून माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. आणि शेवटी माझं बोट. शिक्षणाने मला पुष्कळ दिलं, त्याबद्दल मी जन्मभर कृतज्ञ आहे. त्याने मला दिलेली पहिली खरी गोष्ट ही होती.

दिवाळीच्या सुट्टीला मी त्याच संध्याकाळच्या गाडीने परभणीला आले. खिडकीतून सिग्नलचा पडलेला हात आणि त्याच्या खूप पुढे आबांच्या शेगडीचा लाल ठिपका दिसला. रात्री बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी लिंबाखाली सळया घासत बसले होते. मी समोर बसून सगळं सांगितलं. डबी, आटे, फडकं. सरांनी काय सांगितलं तेही. ते सळई घासत राहिले.

"किती लावलं व्हतंस?" त्यांनी विचारलं.

"बोटभर."

"नळीत बी?"

"नळीत बी."

त्यांनी सळई खाली ठेवली. रागावतील म्हणून मी तयार होते. ते म्हणाले, "कामून?"

मी म्हटलं, "कर्र वाजायचं म्हणून. तुमची बोटं सोलायची म्हणून."

त्यांनी मिटत नसलेल्या दोन बोटांकडे बघितलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री म्हणला, तोंडाला चरबीचा वास हाय, घरातल्याच कुणीतरी लावली. डबी कुणाच्या ताब्यात व्हती? अन् दोन दिस आधी आग लावते म्हणून कोण बोललं व्हतं? मला वाटलं, तुझ्या अक्कानं."



"दीड वरीस," दाजी म्हणाले. "तिच्या हातचं खातो, तिच्याकडं बघतो, अन् इचार करतो, ही बाई मला जाळाया निघाली व्हती. दोनदा ठेसनावर गेलो. एकदा तिकीट बी काढलं. गाडी आली, गेली. पोरगं दिसायचं दारातून."

"मग तुम्ही आधीच का नाही सांगितलं, तेलाचं असं असतं म्हणून?" मी रडत विचारलं. "आम्हाला कोणाला काय माहीत?"

"सांगितलं असतं तर बाटला घरात ठिवू दिला असता का तुमी?" ते म्हणाले. सळई परत उचलून त्यांनीच पुढे म्हटलं, "मास्तरीणबाई, हे तिला सांगायचं न्हाई. मी काय इचार केला त्ये. तू काय केलंस त्ये बी न्हाई. एक सांगितलं की दुसरं निघतंय."

मी हो म्हटलं. मग त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, तेलाची वाटी आण म्हणून. आतली भांडी वाजायची थांबली. अक्का दारात आली. तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांकडे, मग त्यांच्या हातातल्या सळईकडे.

"आज काय काढलंय?" ती म्हणाली. "ही काल आली, अन् आज तुमाला तेल आठवलं?"

"डोकं खाजवायलंय," दाजी म्हणाले.

तिचा विश्वास बसला नाही. आमच्या दोघांचं काहीतरी ठरलंय हे तिने तिथेच ओळखलं, आणि पुढे पस्तीस वर्षं, दाजी गेल्यावरही, ती मला अधूनमधून विचारायची, "त्या दिवशी लिंबाखाली काय झालं गं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. आता तीही नाही. म्हणून हे लिहिता आलं.

ती वाटी घेऊन आली, त्यांच्यामागे बाजेवर बसली, आणि करडीचं तेल हातावर घेऊन तिने त्यांचा वास घेतला, सदऱ्याचा घ्यायची तसा. मग बोटं केसांत घातली. कानावरच्या उघड्या जागेशी आल्यावर तिचा हात थांबला आणि तिथून अलगद गेला. दाजींनी डोळे मिटले. मी सळया घासायला घेतल्या. ऊन लिंबावरून उतरून शेगडीवर आलं, पोरगं धावत येऊन बापाच्या मांडीवर पडलं आणि तेलकट झालं, तरी कोणी उठलं नाही. शेवटी पुढच्या बाजूने आबांची हाक आली.

"नारायणा, हात पडला. इस्तू कुठंय?"

दाजी उठायला लागले. अक्काने त्यांचा खांदा दाबून खाली बसवलं.

"पडू द्या," ती म्हणाली. "अजून अर्धं डोकं ऱ्हायलंय."